फेरवर्ग

सहा नंबरच्या खिडकीपाशी सत्तरीतल्या एक आजी आल्या आणि हातातली पावती काचेखालून आत सरकवत म्हणाल्या, "बाई, मला वरच्या वर्गात घातलंय म्हणं. नातवानं वाचून सांगितलं."

अश्लेषा म्हेत्रेनं पावती पाहिली. जुना वर्ग: संधिवात. नवा वर्ग: दाह-९.

"शाळेतला वर्ग नव्हे हो आजी. तुमचा आजार आधी एका गटात धरला होता, आता दुसऱ्या गटात धरलाय. गोळ्या बदलतील."

"मग संधिवात बरा झाला?"

"बरा नाही झाला. तो संधिवात नव्हताच."

आजींनी आपल्या वाकड्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. मग तीच बोटं काचेला लावून विचारलं, "मग हे काय आहे?"

या प्रश्नाचं उत्तर अश्लेषाला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि ती ते दिवसातून चाळीसेक वेळा देत असे. मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयात ती 'फेरवर्ग सहायक' होती. हे पदच मुळी दोन वर्षांपूर्वी निर्माण झालं होतं. त्यासाठी पुण्याला दोन दिवस बसवून एका गृहस्थांनी फळ्यावर पाच शब्द लिहून दिले होते. वर्गीकरण, म्हणजे आजार पहिल्यांदा एखाद्या गटात बसवणं. फेरवर्ग, म्हणजे बसवलेला उठवून दुसरीकडे बसवणं. विभाजन, म्हणजे एका गटाचे अनेक करणं. विलीनीकरण, म्हणजे अनेकांचा एक. आणि शेवटचा, अनिर्णित, म्हणजे जो कुठेच बसत नाही तो.

"हेच शब्द वापरायचे," त्या गृहस्थांनी बजावलं होतं. "आजार 'बदलला' असं चुकूनही म्हणू नका. आजार तोच आहे. आपली बघायची जागा बदललीय."

पण शब्द काही खिडकीच्या आत राहिले नाहीत. पूर्वी जसं लोक 'तुमचं मोतीबिंदू झालं का' विचारायचे, तसं आता 'तुमचं फेरवर्ग झालं का' विचारू लागले. एसटीतला कंडक्टर दारात उभ्या राहिलेल्यांना "मागं फेरवर्ग व्हा चला" म्हणून ढकलायचा. अश्लेषाच्या शेजारच्या टेबलावरच्या कुंभोजेबाईंनी तर एकदा डबा खाताना शांतपणे सांगितलं होतं, "नणंदेला मी माणसांतून फेरवर्ग केलंय."

या सगळ्याच्या मुळाशी एक यंत्रणा होती. शेकडो वर्षं डॉक्टर आजारांना नावं देत आले ती बाहेरून काय दिसतं त्यावरून. सांधे दुखले की संधिवात, श्वास कोंडला की दमा, नसलेले आवाज ऐकू आले की मनोविकार. एखाद्या गावातल्या घरांची यादी दारांच्या रंगावरून करावी, तसा हा प्रकार होता. हिरव्या दाराची सगळी घरं एकाच कुळाची निघतील याची काय खात्री? पण आत डोकावायची सोयच नव्हती, म्हणून दारांवर भागवलं जात होतं.

रोगविन्यास ही यंत्रणा आत डोकावू लागली. थोडं रक्त आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्याचे चार थेंब एवढ्यावरून ती माणसाच्या शरीरातली सात हजार प्रथिनं मोजायची, कोणती जनुकं जागी आहेत आणि कोणती झोपली आहेत ते बघायची, शरीरानं कुणाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आहेत ते नोंदवायची. माणसाचं काय दुखतं हे तिला सांगितलंच जात नसे; औषधानं गुण आला की नाही, एवढं मात्र नंतर कळवलं जाई. तिच्याकडे आधीच्या पावणेदोन कोटी रुग्णांच्या नोंदी होत्या. त्यांतल्या कुणाशी हा माणूस सर्वांत जवळचा आहे, एवढंच ती शोधायची आणि सारख्याला सारखा जोडत जायची. असे जे पुंजके तयार होत, तेच नवे वर्ग. मधुमेहाचे अकरा झाले. दमा, एका प्रकारची अर्धशिशी आणि आतड्याची एक सूज मिळून एकच आजार निघाला. दर तीन महिन्यांनी नव्या नोंदी मिळाल्या की यंत्रणा सगळ्यांना नव्यानं चाळायची आणि पुंजक्यांच्या कडा पुन्हा थोड्या हलायच्या. रुग्णालयातले लोक तिला चाळण म्हणत.

त्या दिवशी दुपारी मानसोपचार विभागाचा गठ्ठा आला. दहा वर्षांहून जुन्या सगळ्या रुग्णांची तपासणी झाली होती. अश्लेषा एकेक पावती वाचून शिक्का मारत होती. अठराव्या पावतीवर तिचा हात थांबला.

म्हेत्रे रावसाहेब दादू. वय बासष्ट, इचलकरंजी. जुना वर्ग: मनोविकार, दीर्घकालीन. नवा वर्ग: दाह-१४. जवळीक: ८१ टक्के.

रावसाहेब म्हेत्रे म्हणजे तिचे आण्णा.

ते यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे. अश्लेषा बारा वर्षांची असताना एक दिवस ते कामावरून मधेच घरी आले आणि म्हणाले, मागांतून माणसं बोलतात. त्याला आता चोवीस वर्षं झाली होती. अश्लेषा तेव्हापासून वेड्याची मुलगी होती. दोन चांगल्या घरांतून तिला मागणी आली, तेव्हा 'आमच्या रक्तात हे आहे' असं सांगून तिनं स्वतःच त्यांना परत पाठवलं होतं.

तिनं संगणकावर दाह-१४ची यादी उघडली. तिच्या खिडकीच्या हद्दीतले एकवीस जण होते. गुडघे सुजणारी एक शिक्षिका, अंगावर चट्टे उठणारा एक पोस्टमन, फिट्स येणारी एक मुलगी. आणि त्यांच्या मधे तिचे आण्णा. तिनं यादी पुन्हा वरून वाचली, आणि मग पावती घेऊन थेट डॉक्टर रुखसार मुजावरांच्या खोलीत गेली.

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पावती आधीच पाहिलेली दिसत होती. "शरीराचं संरक्षण करणारी प्रतिपिंडं कधी कधी चुकून आपल्याच माणसांवर उलटतात. सांध्यांवर उलटली तर बोटं वाकडी होतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती मेंदूतल्या पेशींवर उलटली आहेत. त्या पेशींवर निरोप आत घ्यायची बारीक दारं असतात, तीच बुजवतायत. मग मेंदू स्वतःचाच आवाज बाहेरचा म्हणून ऐकतो."

"म्हणजे ते मनोरुग्ण नाहीत?"

"या यादीप्रमाणे नाहीत."

"आणि आधीच्या यादीप्रमाणे?"

"आधीच्या यादीप्रमाणे होते."

"मग खरं काय मॅडम?"

डॉक्टर मुजावरांनी पावती तिच्याकडे परत सरकवली. मग म्हणाल्या, "दाह-१४ला औषध आहे. सलाइनमधून, दीड-दीड महिन्यानं तीन डोस. खरं काय ते मला विचारू नका, पण औषध आहे एवढं नक्की."

घरी आई साडीला फॉल लावत बसली होती. आईचं नाव शालन. तिला डाव्या कानानं ऐकू येत नसे, म्हणून अश्लेषा उजव्या बाजूला बसली आणि सगळं दोनदा सांगितलं. आण्णा आतल्या खोलीत भिंतीशी हळूहळू बोलत होते.

आईनं सुई कापडात टोचून ठेवली. "तेव्हाच कळलं असतं तर?"

"तेव्हा ही तपासणीच नव्हती आई."

"तसं नव्हे गं." चोवीस वर्षांत तिनं स्वतःची एक पद्धत बसवली होती. नवऱ्यानं काही केलं की ती मनातल्या मनात त्याचे दोन भाग करायची. हे आजाराचं, हे त्यांचं. शिव्या आजाराच्या, ताट ढकलणं आजाराचं. पहिल्याच वर्षी एका दुपारी, 'तू त्यांना सामील आहेस' म्हणत त्यांनी लोखंडी पाना फेकून मारला आणि तिचा कान गेला, तेही आजाराचं. पोरीवरची माया त्यांची. असं वेगवेगळं काढता येत होतं म्हणून ती राहू शकली होती. "आता आजारच दुसरा निघाला म्हणतेस," ती शेवटी म्हणाली, "तर मग मी जे काय आजाराच्या नावावर टाकलं, ते कुठं टाकू?"

पहिला डोस झाला. दोन आठवडे काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात आण्णांचं भिंतीशी बोलणं थांबलं. चौथ्यात त्यांनी वर्तमानपत्र मागितलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. शेजारचे लोक येऊन बघून जाऊ लागले. "बरे झाले की रावसाहेब," ते म्हणायचे. आण्णा मान डोलवायचे.

अश्लेषा रोज मिरजेहून साडेसहाच्या एसटीनं यायची. शाळेत होती तेव्हापासून आण्णा थांब्यावर तिची वाट बघत उभे असायचे. पाऊस असो, ताप असो, चोवीस वर्षांत त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. ती उतरली की ते तिच्या मागे चार पावलं अंतर ठेवून घरापर्यंत चालायचे. कॉलेजात असताना तिला त्याची लाज वाटायची. पुढं त्याची इतकी सवय झाली, की मागून येणाऱ्या चपलांचा आवाज आला नाही तर तिला चालणंच सुचलं नसतं.

पाचव्या आठवड्यातल्या एका सोमवारी ती उतरली तर थांब्यावर कुणी नव्हतं. ती घाबरून जवळजवळ धावतच घरी आली. आण्णा ओट्यावर बसून पेरू कापत होते.

"आण्णा, बरं आहे ना? आज आला नाहीत?"

"कशाला यायचं?" त्यांनी सहज विचारलं. "तुझ्या मागं माणसं लागलीत असं वाटायचं मला, म्हणून येत होतो. कोण नव्हतं तसलं. आता कळतंय की." आणि त्यांनी पेरूची फोड तिच्यापुढे धरली.

तिनं ती घेतली आणि आत जाऊन मोरीत तोंडावर पाणी मारलं. आनंद व्हायला हवा होता. आपल्याला रडू का येतंय हे तिला समजेना. जगात आपल्याला एवढं जपणारं एक माणूस आहे, या एका गोष्टीवर ती इतकी वर्षं उभी होती. ती गोष्ट आजाराच्या गटातली निघाली होती, आणि पाचव्या आठवड्यातच बरी झाली होती.

आणि ज्या गोष्टी बऱ्या व्हायला हव्या होत्या त्या झाल्या नाहीत. दुसऱ्या डोसानंतर एक दिवस जेवताना आण्णांनी आमटीचा घास घेतला आणि ताट समोर ढकललं. "मीठ कुठंय?" ते म्हणाले. त्यांची नजर अगदी स्वच्छ होती, आवाज शांत होता, डोकं ठिकाणावर होतं.

आईनं मीठ आणून दिलं नाही. ती ताटाकडे बघत बसली.

"हे आजाराचं म्हणून सोसलं मी," ती म्हणाली. "हे तर तुमचंच निघालं."

आण्णा गोंधळले. त्यांनी ताट परत जवळ ओढलं, पण जेवले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "शालन, तुझा कान मी घालवला ना?"

घरात ही गोष्ट कुणी कधी बोललं नव्हतं. आईनं सगळ्यांना पाय घसरून पडले असं सांगितलं होतं.

"तुम्हाला आठवतंय?" आईनं विचारलं.

"पाना फेकलेला आठवतो. पण हात माझा होता, एवढंच आठवतं. फेकायचं कोण म्हणालं ते आठवत नाही." ते अश्लेषाकडे वळले. "तू त्याच कामात आहेस, तू सांग. मी केलं असेल तर मी माफी मागतो. आजारानं केलं असेल तर माफी कुणी मागायची?"

अश्लेषाला पुण्याच्या फळ्यावरचे पाचही शब्द पाठ होते. त्यांतला एकही तिच्या कामाला आला नाही.

"मला नाही माहीत आण्णा."

"कुणीही केलं असलं," आई म्हणाली, "लागलं मला एकटीलाच."

त्यानंतर आठ दिवसांनी आईनं पिशवी भरली. गडहिंग्लजला तिची धाकटी बहीण एकटीच राहत होती, तिच्याकडे ती निघाली होती. किती दिवसांसाठी ते सांगत नव्हती.

"आई, आता तर ते बरे झालेत," अश्लेषा तिच्या उजव्या बाजूला उभी राहून म्हणाली. "इतकी वर्षं राहिलीस आणि आता जातेस?"

"म्हणूनच जाते." आई पिशवीची चेन लावत होती. "आजारी माणसाला टाकून जाता येत नव्हतं मला. आता ते धडधाकट माणूस आहेत. धडधाकट माणसाला सोडून जाता येतं. मला एवढंच बघायचंय, मी आजाऱ्याजवळ राहिले होते का ह्यांच्याजवळ."

आण्णा दारातून सगळं ऐकत होते. त्यांनी अडवलं नाही. पिशवी उचलायला हात पुढे केला, पण आईनं ती आधीच उचलली होती.

तिसऱ्या डोसाच्या बारा दिवस आधी तिमाही चाळणीचा निकाल आला. दाह-१४चं विभाजन झालं होतं. देशभरातल्या तेवीसशे रुग्णांपैकी बहुतेक दाह-१४ अ आणि दाह-१४ ब यांत गेले होते. एक्केचाळीस जण दोन्हींपैकी कुठंच बसत नव्हते. आण्णांची पावती त्या एक्केचाळीसांत होती. नवा वर्ग: अनिर्णित.

अश्लेषानं ती पावती खणात ठेवली आणि तीन दिवस कुणाला दाखवली नाही. चौथ्या दिवशी डॉक्टर मुजावरांनीच बोलावलं.

"माझ्या स्क्रीनवर आलंय ते," त्या म्हणाल्या. "लपवून काही होणार नाही."

"मग त्यांना काय झालंय मॅडम?"

"माहीत नाही. अठ्ठावीस हजार नव्या नोंदी आल्या आणि कडा हलल्या. दाह-१४ म्हणून ज्याला आपण एक समजत होतो तो एक नव्हता."

"पण औषधानं गुण आला की त्यांना!"

"आला. पण औषधानं आला, का जुन्या गोळ्या बंद केल्या म्हणून आला, का आपोआप आला, ते आता सांगता येत नाही. या औषधानं शरीराची ताकद कमी होते, साधा न्यूमोनियासुद्धा जिवावर बेतू शकतो. म्हणून अनिर्णित वर्गाला ते तसंच देता येत नाही. आवाज पूर्ण गेले असतील तर गुण आलाय असं धरून तिसरा डोस देता येतो. थोडेही उरले असतील तर तज्ज्ञांच्या समितीकडे पाठवायचं आणि थांबायचं."

"मग पुन्हा जुन्या वर्गात घाला. जुन्या गोळ्या तरी सुरू होतील."

डॉक्टरांनी मान हलवली. "जुना वर्ग गेल्या तिमाहीत रद्द झाला. परत घालायला तो शिल्लकच नाही."

संमतीचा अर्ज भरायला अश्लेषानं आण्णांना मिरजेला आणलं. आता त्यांची सही चालत होती. चोवीस वर्षं त्यांच्या प्रत्येक कागदावर आईनं सही केली होती. सहा नंबरच्या खिडकीमागं, कुंभोजेबाईंच्या रिकाम्या खुर्चीवर ते बसले आणि अश्लेषा एकेक रकाना वाचत गेली. सातव्या रकान्यात लिहिलं होतं: शिल्लक लक्षणं, आहेत किंवा नाहीत.

"नाहीत," असं स्वतःशीच म्हणत तिनं पेन टेकवलं.

"एक आहे," आण्णा म्हणाले.

तिनं वर पाहिलं.

"बाकीचे सगळे गेले. एक राहिलाय. कधीमधी येतो. दोन नंबरच्या मागाचा धागा तुटलाय म्हणून सांगतो आणि जातो. मारा, पळा, असलं काही नाही सांगत."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"विचारलं नाही कुणी. आणि मला तो नकोसा पण नाही. सवयीचा आहे."

अश्लेषानं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "आण्णा, इथं 'आहेत' लिहिलं तर डोस थांबेल. सगळं परत सुरू होईल कदाचित. 'नाहीत' लिहिते. एका शब्दाचा प्रश्न आहे."

हा शब्द कुठवर जातो हे तिला ठाऊक होतं. औषधानं गुण आला की नाही याची नोंद म्हणून तो यंत्रणेत जाणार होता. उरलेले चाळीस अनिर्णित कुठं बसवायचे हे पुढच्या तिमाहीत ज्या नोंदींवरून ठरणार होतं, त्यांत तिच्या वडिलांची ही नोंद असणार होती. त्यांतल्या कुणाला न मानवणारं औषध तिच्या एका खोट्या शब्दानं दिलं जाऊ शकत होतं. हे सगळं तिला कळत होतं आणि तरीही पेन उचलवत नव्हतं.

"पोरी," आण्णा म्हणाले, "चोवीस वर्षं मी बोलेन ते खोटं होतं. मागं माणूस आहे म्हटलं, खोटं. जेवणात काही घातलंय म्हटलं, खोटं. कुणी लिहून घेतलं नाही, घेऊ पण नये. आता पहिल्यांदा मी खरं बोलतोय, आणि ते तू खोटं लिहायला निघालीस?"

तिनं 'आहेत' वर खूण केली. खाली जागा होती तिथं आण्णांनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि जुन्या वळणाच्या अक्षरात स्वतः लिहिलं: एक आवाज आहे. त्रास नाही. मग सही केली.

कागद समितीकडे गेले. उत्तराला सहा ते आठ आठवडे लागतील असं कळलं. तिसऱ्या डोसाची तारीख आली आणि गेली. अश्लेषा रोज घरी आल्यावर वडिलांकडे चोरून बघायची. ते खिडकीकडे बघत बसले असले तर नुसते बघतायत का ऐकतायत, हसले तर कशाला हसले, स्वयंपाकघरात स्वतःशी पुटपुटले तर भाजीला पुटपुटले का कुणाला. पूर्वी तिला हे सगळं कळायचं. आता माणूस बरा होता का आजारी, तेच ठरलेलं नसल्यामुळं प्रत्येक गोष्ट दोन्हीकडे बसत होती. आण्णांना तिचं बघणं कळायचं. एकदा ते म्हणाले, "भाजी जास्त शिजली म्हणालो. मलाच म्हणालो." आणि तिला हसू आवरलं नाही.

समितीची वाट बघण्याच्या पाचव्या आठवड्यात एका रविवारी सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिच्यासमोर उभे राहिले.

"गडहिंग्लजची गाडी किती वाजता असते?"

"आण्णा, मी येते बरोबर."

"नको. तू आलीस तर मला आजारी म्हणून आणलंय असं वाटेल तिला." ते चपला घालायला वाकले. "समितीचं काय ठरायचं ते ठरू दे. पुढच्या महिन्यात मी कसा असेन मला माहीत नाही. आत्ता डोकं ठिकाणावर आहे, तोवर जाऊन येतो."

"काय सांगणार आहात तिला?"

"माफी मागणार."

"पण कुणी केलं ते तर..."

"ते नाही कळलं अजून. ते कळायची वाट बघत बसलो तर माफी राहूनच जाईल."

चोवीस वर्षांत ते पहिल्यांदाच एकटे गावाबाहेर निघाले होते. अश्लेषानं त्यांच्या खिशात फोन घातला, आईच्या बहिणीचा पत्ता कागदावर लिहून दिला, आणि थांब्यापर्यंत जायचं नाही असं ठरवून दारातच उभी राहिली. दिवसभर तिनं तीन वेळा घर झाडलं. फोन करायचा नाही असंही ठरवलं होतं. साडेसात वाजता फोन आईचाच आला.

"पोचले का गं ते?" अश्लेषानं विचारलं.

"दुपारीच पोचले." आई हळू आवाजात बोलत होती. "बाहेर बसलेत. मी आत आहे."

"माफी मागितली?"

"मागितली. कुणी केलं, कशाची माफी, काही फोड केली नाही. माफ कर म्हणाले, आणि बसून राहिले."

"मग तू काय म्हणालीस?"

"विचार करते म्हटलं. तर म्हणाले, कर, सावकाश कर, मी चारच्या गाडीनं परत जातो."

अश्लेषानं घड्याळाकडे पाहिलं. "अगं, मग अजून तिथं कसे?"

"गाडी चुकली म्हणतात."

"चुकली, का चुकवली?"

पलीकडे कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"ते नाही गं मला कळत," ती म्हणाली. "भात टाकलाय चौघांना पुरेल एवढा, आणि आम्ही तिघंच आहोत. मला काहीच कळत नाही बघ."